बॅटरीचा एक पाय आणि तुमचं फेकजाळं

बाबा,

काल चंद्रपुरात एका माणसानं माझ्या डोळ्यांदेखत चांगली चालती बॅटरी ब्लेडनं कापली, आणि त्या कापण्यामुळे पंधरा दिवस मरून पडलेलं एक यंत्र उठून बसलं. कालपासून मला हे कोणाला तरी सांगायचं आहे. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, आधी श्वास घ्या, मग बोला, मले अर्धंच समजून राह्यलं." शेजारी गेलो तर त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. तुम्ही तलावाच्या पाळीवर बसून कोणाचंही शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, मध्ये हूं सुद्धा करायचे नाहीत. लहानपणी त्या गप्प राहण्याची मला फार भीती वाटायची. आज नेमकं तेच हवं आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, आणि होतात तेव्हाही तुम्हाला अक्षर लागत नव्हतं. त्यामुळे हे पत्र पोचेल की नाही ही काळजी दोन्ही बाजूंनी मिटलेली आहे. यात एक गोष्ट मात्र तुमचीच आहे. तिच्याकडे हळूहळू येतो.

यंत्र म्हणजे काय ते आधी सांगतो. पाटीच्या अर्ध्या तुकड्याएवढं, काळं, गुळगुळीत, दोन्ही हातांत धरायचं. मधोमध काच, काचेत रंगीत चित्रं हलतात, आणि दोन्ही खांद्यांवर एकेक बटण. त्यात खेळ असतो. लेकीनं ते स्वतःसाठी घेतलं होतं, पण दिवाळीला आमच्याकडे मूल गावी आली तेव्हा आईजवळ ठेवून गेली. कारण तुमच्या सुनेला त्याआधी लकव्याचा झटका येऊन गेला होता. फार मोठा नव्हता. बोलणं आठ दिवसांत सुधारलं, पाय सुधारला, पण उजव्या हाताची बोटं ऐकेनात. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, दिवसातून शंभर वेळा दाबायला. तिनं दोन दिवस दाबला आणि म्हणाली, "हा कुत्र्याले द्या. मी काय लहान लेकरू हाय का?"

खेळ मात्र तिनं हातात घेतला. त्यात एक लाल गोळा असतो. डोंगर, दऱ्या, झाडं, आणि हा गोळा त्यांवरून घरंगळत जातो. आपण गोळ्याला हात लावायचा नाही, जमीन कलती करायची. डावं बटण दाबलं की अख्खी पृथ्वी डावीकडे कलते, उजवं दाबलं की उजवीकडे. सुरुवातीला तिचा गोळा डावीकडेच जायचा आणि खड्ड्यात पडायचा, कारण उजवं बोट बटणावर नुसतं ठेवलेलं असायचं, मेलेल्या झिंग्यासारखं. ती गोळ्याला शिव्या द्यायची. "इकडं ये ना मुडद्या, तिकडं काऊन जातं?" आणि एका दुपारी, मी तांदूळ निवडत होतो, ती ओरडली नाही, हळूच म्हणाली, "अवो, वळला." मी पाहिलं तर पृथ्वी उजवीकडे कलत होती. अगदी थोडी. माझ्या मांडीवरचं सूप खाली पडलं, सगळे तांदूळ ओसरीवर पांगले. ते तिनं मग डाव्या हातानं गोळा केले आणि दोन-चार उजव्यानं. महिनाभरात ती तिसऱ्या डोंगरापलीकडे गेली आणि भाकरी थापायला लागली. वेडीवाकडी व्हायची, पण माझ्या जिभेला तिचा आकार कळत नव्हता.

आता माझा मूर्खपणा. तुम्हाला माहीत आहे, मला सुख पचत नाही. सायबर कॅफेत कुणीतरी सांगितलं की या यंत्राच्या पोटातली मूळ आज्ञावली काढून दुसरी भरली, तर त्यात आपलं स्वतःचं काहीही घालता येतं, लिहिलेली पानंसुद्धा. झालं. माझ्या डोळ्यांसमोर मी शाळेत शिकवलेल्या चौथी ते सातवीच्या सगळ्या कविता उभ्या राहिल्या, तळहातावर, रांगेत, प्रत्येक ओळ उजळलेली. ती डोंगर ओलांडते आहे आणि तिचा खेळ झाला की मी कविता वाचतो आहे. आज्ञावली कशी बदलायची ती पानं मी छापून आणली, तीन वेळा वाचली, खाली रेघा मारल्या. लेकीनं फोनवर बजावलं, "बाबा, चालते ना? मंग हात लावू नका." मी हो म्हणालो. रेघा मारलेला कागद मात्र उशीखालीच ठेवला.

दुपारी तीनला बसलो. बॅटरी भरलेली, वर विजेची तार लावलेली, नव्या आज्ञावलीचं कार्ड आत. काचेवर एक पट्टी आली आणि भरू लागली. दहा टक्के, तीस, पन्नास. मी ते आकडे मोठ्यानं वाचत होतो, वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसे. बहात्तरवर लाइट गेली. आता बाबा, तुमच्या वेळी घरात वीजच नव्हती, म्हणून हे सांगावं लागेल. आमच्याकडे भारनियमन आलं तेव्हापासून घराघरात एकच संस्कार पक्का झाला आहे: लाइट गेली की धावायचं आणि सगळं उपटायचं. टीव्ही, पंखा, मिक्सर, सगळं. कारण वीज परत येते ती झटका देत येते आणि जे लागलेलं असेल ते जाळून टाकते. पंधरा वर्षं माझे हात हेच करत आले. डोकं विचार करायच्या आत मी तार उपटली, आणि जास्तीची काळजी म्हणून यंत्राचं झाकण उघडून बॅटरीही काढली, रेडिओतले सेल काढतात तशी. मग समाधानानं बसलो की वाचलं.

ते वाचलंच होतं. लाइट गेली तरी त्याला काही झालं नव्हतं, ते भरल्या बॅटरीवर निवांत आपलं काम करत होतं. पोटात अर्धी आज्ञावली पुसलेली, अर्धी लिहिलेली, अशा वेळी मीच त्याचा प्राण काढून हातात घेतला. लाइट आल्यावर बॅटरी बसवली, बटण सरकवलं. हिरवा दिवा लागला, दोन-चार श्वास राहिला, विझला. काच काळीच. पुन्हा सरकवलं, पुन्हा तेच. वीस वेळा केलं असेल. ती आत आली, पाहिलं आणि म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "लाइटीनं घात केला."

पंधरा दिवस यंत्र कोनाड्यात पडून राहिलं. चेंडू मी कोठीतून शोधून तिच्यासमोर ठेवला, तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी तिच्या बोटांकडे पाहत असायचो. भाकरी पुन्हा डाव्या हाताच्या झाल्या. एकदा चहाचा कप उजव्या हातातून सुटला आणि आम्ही दोघांनीही तो फुटलाच नाही असं दाखवलं, कानच तेवढा तुटला होता. डॉक्टर पूर्वी म्हणाले होते की पहिल्या सहा महिन्यांत बोटं जेवढी परत येतील तेवढी येतील, पुढे कठीण. चार महिने झाले होते. मला झोपेत गोळा दिसायचा, एकाच खड्ड्यात पडलेला.

मग मूलच्या बाजारात कळलं की चंद्रपुरात एक जण आहे, पूर्वी रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा, आता मोबाइल करतो, आणि असली मेलेली यंत्रं उठवतो. काल सकाळच्या एसटीनं निघालो. मी एकटाच जाणार होतो. ती लुगडं बदलून दारात उभी. "माह्या हाताचं हाय, मी येतो." रस्त्यानं सगळी पळसाची झाडं फुललेली होती आणि मला एकही ओळ आठवली नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग लावलेला दिवा, आणि भिंगामागे चाळिशीतला माणूस. त्यानं यंत्र घेतलं, बटण सरकवलं, दिवा पाहिला, बंद केलं. 

"सर, अर्ध्यावर बंद पडलं हे. बॅटरी कोणी काढली?"

मी म्हणालो, "लाइट गेली होती."

"लाइट गेल्यानं नाई मरत हे. बॅटरी कोणी काढली?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "यायनंच काढली असन. लाइट गेली का घरातलं सारं उपटून ठेवतेत. एक डाव माहा चष्माबी काढून ठेवला होता."

दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं समजावून सांगितलं, ते मी तुम्हाला सांगतो, कारण हे ऐकताना माझे कान तापले होते. यंत्र उठताना आधी स्वतःच्या पोटातली आज्ञावली वाचतं आणि त्यात सांगितलं तसं वागतं. ती मी अर्धी पुसली. म्हणजे पाठ केलेली कविता विसरलेलं पोर वर्गात उभं राहावं आणि पहिल्या ओळीसाठी तोंड उघडावं, आवाज नाही. कार्डावर नवी आज्ञावली आणून काय उपयोग, ती वाच हे सांगणारंच आत कोणी उरलं नाही. पण कारखान्यातल्या लोकांनी स्वतःसाठी एक मागचं दार ठेवलं होतं. बॅटरीच्या आत तिळाएवढी एक काळी चकती असते, तिला मुंगीसारखे पाय. यंत्र उठताना बॅटरीला तिची ओळख विचारतं आणि ही चकती सांगते. तिचा ठरावीक एक पाय उचलून टाकला की बॅटरी ओळख सांगत नाही. मग यंत्राला वाटतं, आपण कारखान्यातच दुरुस्तीच्या टेबलावर पडलो आहोत. ते पोटात शोधायचं सोडून सरळ कार्ड वाचायला लागतं. कार्ड त्याच्याजवळ तयार होतं. पाय उचललेली त्याची बॅटरी मात्र फुगून गेली होती.

"नवीन नागपूरहून मागवावी लागन. भेटन का नाई, सांगता येत नाई. नाई तं..." त्यानं आमची बॅटरी उचलली. "हेच कापतो."

"ही चांगली आहे," मी म्हणालो.

"चांगली हाय म्हणूनच. मेलेली कापून काय करू? पण रिस्क हाय, सर. पाय केसावानी बारीक राह्यते. नंतर जागेवर कथलाचा डाग देऊन परत बसवतो, पण तुटला तं बॅटरी गेली. मंग यंत्र नुसत्या तारेवर चालन."

"म्हणजे लाइट असेपर्यंत."

"मूलले लाइट किती वेळ राह्यते?"

"कधी राह्यते थे विचारा," ती म्हणाली.

मी बॅटरी त्याच्या हातातून परत घेतली. खरंच घेतली, बाबा. यंत्र मेलं, निदान बॅटरी तरी धडधाकट आहे, तीही कापायची? बिघडलेलं बिघडलेलं राहू द्या, चांगल्याला ब्लेड कशाला लावायचं, असं काहीसं मी बोललो. आणि बोलता बोलता मला तुमच्या हातातली सुरी दिसली.

मी अकरा वर्षांचा आहे. सावली गावच्या शाळेत त्या दिवशी कवितांच्या पाठांतराची स्पर्धा आहे. अंगणात तुमचं मासे धरायचं फेकजाळं पसरलेलं, सालीच्या काढ्यानं तांबडं झालेलं, आणि त्यात खुंटाला अडकून पडलेलं तळहाताएवढं भोक. तुम्ही म्हणालात, हे सांधून ठेव, मग जा. तुम्ही तलावाकडे गेलात. मी बांबूच्या सुईत सूत भरलं, तोंडानं कविता चालू, आणि भोकाच्या चारी बाजू एकत्र ओढून गच्च बांधून टाकल्या, दप्तराचं तोंड बांधावं तशा. तुम्ही परत आलात. जाळं उचललंत. माझी गाठ अंगठ्यानं चाचपलीत. कमरेची सुरी काढली आणि माझी गाठ कापलीत, आणि तिथं थांबला नाहीत. आजूबाजूची चांगली, धड चौकोनी घरंही कापत गेलात, एक, दोन, दहा. तळहाताएवढं भोक सुपाएवढं झालं. मी पाहत होतो. मला वाटलं, माझ्यावरचा राग जाळ्यावर काढताहेत, आता मला कापतील. मी न जेवता शाळेत पळालो. कविता म्हणताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गुरुजींना वाटलं हा पोरगा कवितेत किती शिरला. पहिला नंबर आला. संध्याकाळी घरी आलो तर खुंटीला धड जाळं टांगलेलं. ते दुसरं असणार, असं मी ठरवून टाकलं. त्यानंतर मी कधी सुई धरली नाही आणि तुम्हीही कधी धर म्हणाला नाहीत.

"अवो," ती म्हणाली, "द्या ना थे बॅटरी."

"चांगली आहे अजून."

"तुमी ढिवराच्या घरचे हाय का नाई? फाटलेलं जाळं तसंच ओढून बांधते का कोणी? तेवढी जागा गोळा होते, फेकलं तं जाळं उघडत नाई. चांगली घरं कापल्याबिगर सांधताच येत नाई. तुटके धागे तिथी कुठी धराचे? चांगल्या गाठीपर्यंत कापत जाचं, मंग तिथून सुरू कराचं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"मामाजीनं, तुमच्या बाबानं. तुमी एटापल्लीले मास्तर होते तवा मले त्यायनंच शिकवलं. पयल्या डावाले मीबी कापाले भेत होती. थे म्हणत, भोक मोठं कराची लाज नको ठेवू, बाई."

दुकानदार भिंगावरून आमच्याकडे पाहत होता. मी तिला विचारलं, अगदी हळू, "रागानं नव्हते कापत?"

"कशाचा राग?"

मी बॅटरी टेबलावर ठेवली. बाबा, त्या माणसानं ब्लेडनं तिची शिवण उघडली तेव्हा भीती होतीच, पण आता ती वेगळी होती. वर्गात निकाल वाचताना पोरांना असते तसली, अर्धी गुदगुल्यांची. तिळाएवढी चकती भिंगाखाली सुपारीएवढी झाली. त्यानं सुईच्या टोकानं एक पाय उचलला. हात लावला हेही कळलं नाही. कार्ड आत सारलं, बॅटरी बसवली, आणि बटणाला कोणीही हात लावलेला नसताना यंत्र आपणहून जागं झालं. हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. काचेवर अक्षरं उमटली. त्यानं एक बटण दाबलं, आधी पोटात उरलंसुरलं होतं ते सगळं पुसलं, साफ कोरं केलं. ते का, हे मला आता कळत होतं. मग आकडे चढायला लागले. मी मोठ्यानं वाचणार होतो, तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. उजवा. बहात्तर आले. बहात्तर गेले. शंभरला दुकानदारानं नुसती मान डोलावली.

मग त्यानं चकतीचा पाय परत जागेवर दाबला, डागणीचा एक थेंब, वर चिकटपट्टी. बॅटरी पुन्हा आपली ओळख सांगायला लागली. खेळ सुरू करून यंत्र त्यानं मला दिलं, मी तिला दिलं. तिनं तिथंच, स्टुलावर बसून, दोन्ही खांद्यांवर बोटं ठेवली. गोळा डावीकडे गेला. खड्ड्यात पडला. पुन्हा. पुन्हा. दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती, तीही काचेकडेच पाहत होती. पाचव्या वेळी पृथ्वी उजवीकडे कलली, इतकी थोडी की फक्त मला दिसली असेल. "बोट विसरलं नाई," ती म्हणाली, आणि दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, चहा पाजा आता, मी लय दुरून आली." मूलला उतरेपर्यंत तिनं मान वर केली नाही. आता मी लिहितो आहे आणि ओसरीवरून तिचा आवाज येतो आहे, ती गोळ्याच्या आईचा उद्धार करते आहे.

आता ती तुमची गोष्ट. सातवीच्या वर्गाला मी दर वर्षी माझी स्वतःची एक कविता म्हणून दाखवायचो. जाळ्यावरची. शेवट असा होता: "बाप फाडी जाळे माझे, मीही फाटलो तेधवा." तिथं वर्ग चिडीचूप व्हायचा. पोरी डोळे पुसायच्या. एका वर्षी शाळेच्या संमेलनात मी ती म्हणालो आणि मग पाहिलं तर मागच्या भिंतीशी तुम्ही उभे. मासोळीची टोपली दाराबाहेर ठेवून, हात पुसून आत आला होतात. घरी आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "आवाज मागच्या पोरापर्यंत येत होता." मला वाटलं, तुम्हाला कविता कळली नाही. ती तुम्हाला पूर्ण कळली होती, आणि तुम्ही तेव्हाही चूक कुठं आहे ते सांगितलं नाहीत. मी पुन्हा ओढून बांधलं होतं आणि या वेळी तुम्ही सुरी काढली नाहीत.

आज सकाळी उठल्या उठल्या ओळ बदलली. "बाप कापी शिवायाला, मज कळे न तेधवा." अक्षरं आठ आणि आठ, बरोबर भरतात. अर्थ खरा आहे. तिला म्हणून दाखवली, तिनं गोळा थांबवून ऐकली आणि "हे बराबर हाय" म्हणाली. मग मी मागच्या अंगणात जाऊन दोन्ही ओळी मोठ्यानं म्हणून पाहिल्या, आधी नवी, मग जुनी. तुमच्यापाशी खोटं बोलवत नाही, बाबा. जुनीच मला अजून जास्त आवडते.